बुंदी टेंभुर्णीला उभी आहे

बाई, शेळी टेंभुर्णीला उभी आहे. तात्या कंडक्टर चहा प्यायला खाली उतरलेत, गाडीचं इंजिन धडधडतंय आणि बुंदी खिडकीतून मान बाहेर काढून बसली आहे. पुढं भीमेचा पूल, पुलाच्या पलीकडं इंदापूर. तेवढंच राहिलं होतं. तेवढंच सांगायचं राहिलं होतं.

शाळेतले सर घरी आले होते. म्हणाले, "आतार बाईंवर चार ओळी लिहून द्या, पालकांच्या वतीनं." मी म्हटलं, सर, माझी शाळा सातवीतच सुटली, मला कुठं लिहिता येतं? माझे ऱ्हस्व-दीर्घ सगळे उलटे. सर म्हणाले, "बाई असत्या तर त्यांनी तुमचंच नाव घेतलं असतं." आता हे खरं की खोटं, कुणाला विचारायचं? तुम्ही कुठं जन्मलात, नोकरी किती झाली, कुठल्या कुठल्या शाळेवर होता, ते सर लिहिणार आहेत. त्यांच्याकडं ते सगळं आहे. माझ्याकडं तुमचं बोलणं तेवढं आहे, आणि ही शेळी.

ज्यांना बुंदी माहीत नाही त्यांना वाटेल, बाई गेल्या आणि ही शेळीचं काय घेऊन बसली. त्यांच्यासाठी सांगते. तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण तुम्ही नेहमी म्हणायचात, गोष्ट पहिल्यापासनं सांगावी, मधनंच उडी मारली की पाय मोडतो.

त्या वर्षी शाळा बंद होत्या. माझ्या आरूचं नाव पहिलीत घातलं होतं, पण वर्ग तिनं आतून पाहिलाच नव्हता. दप्तर नवंकोरं, खुंटीला. आम्ही लोणी देवकरला, एमआयडीसीच्या मागच्या खोल्यांमध्ये. ह्यांची कंपनी काही दिवस बंद, काही दिवस अर्धी चालू. माझं माहेर तिकडं वाशीमच्या बाजूला, इथून तीन गाड्या बदलल्या की येतं. इथं माझ्या ओळखीचं कोणी नाही. बोलायला लागले की समोरचा कपाळाला आठी घालून विचारायचा, "काय म्हणालात?" म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. जे बोलायचं ते इकडच्यासारखं, तोलून मापून.

आणि मी आधीची घाबरट. मला एकच भीती होती, ती तुम्हाला मी नंतर सांगितलीसुद्धा. शाळा अशीच सुटते, बाई. कोणी हात धरून काढत नाही. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीला पलीकडच्या गावाला जावं लागायचं. बाबा म्हणाले, "पुढच्या साली पाहू." ते पुढचं साल काही आलं नाही. खुंटीवरचं ते दप्तर पाहिलं की मला तेच वाटायचं, पोरीची शाळा सुरू व्हायच्या आधीच सुटली.

मग एक दिवस गच्चीवर असताना तुमचा फोन आला.

"मी आतार बाई बोलतीय, शाळंतली. आरोहीला फोन द्या."

मला वाटलं, काही चुकलं आमचं. फॉर्ममध्ये काही राहिलं असेल. मी आरूच्या कानाला फोन लावला. ती फोनकडं बघत बसली. मी तिला चिमटा काढला. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे, तुम्ही पलीकडून म्हणालात, "आगं आई, पोरीला टोचू नका. आरोही, तू बोलू नको बाळा. निस्तं हं म्हण. मी सांगती, तू हं म्हण. एवढंच काम."

आरू म्हणाली, "हं."

माझ्या पोरीची शाळा त्या 'हं'नं सुरू झाली. पाटी नाही, पेन्सिल नाही. फोनला लावलेला कान आणि एक 'हं'.

त्या दिवसांत शाळेकडून मोबाईलवर बरंच काही यायचं. व्हिडिओ, लिंका, स्वाध्याय. ज्यांच्या घरी मोठा फोन, त्यांची पोरं बघायची. आमच्याकडं एकच फोन आणि तो ह्यांच्या खिशात कंपनीत. तुम्ही ते सगळं पाठवायचात, आणि वरून स्वतःचं एक काढलंत. दिवेलागणीला, बाप लोक ड्यूटीवरून आले की साधा फोन लावायचा, एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडायचा आणि गोष्ट सांगायची. आमच्या खोलीत रेंज येत नाही. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. मी आणि आरू तिथं. खालच्या ओंकारची आई त्याला वर पाठवायची, तो लांब, पलीकडच्या कठड्याला टेकून. मी फोन स्पीकरवर टाकून टाकीवर ठेवायची.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं, पोरांना फोन म्यूट करायला लावा, फार गोंगाट होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "म्यूट कुणी करायचं न्हाय हां. मी काय भिंतीला गोष्ट सांगू? मला हुंकारा पायजे." मग काय, कोणाकडं कुकरची शिट्टी, कोणाकडं म्हैस हंबरते, कोणाची आजी मध्येच विचारते, "कोनाचा फोन हाय रं?" आणि या सगळ्यातून पोरांचं हं, हं, हं.

हुंकाऱ्याचा तुमचा एक नियम होता. तुमचे अब्बा आठवडी बाजारात कुंकू, सुया, नाडे विकायचे. विकता विकता गोष्ट सांगायचे. बायका नाडा घ्यायला यायच्या आणि गोष्ट संपेपर्यंत हलायच्या नाहीत. अब्बांनी तुम्हाला सांगितलेलं, हं आला तरच पुढं जायचं. हं थांबला की गोष्ट तिथंच थांबवायची. ऐकणारा झोपला आणि सांगणारा बोलत राहिला, तर गोष्टीतला जीव वाट चुकतो, मग तो कुणालाच सापडत नाही.

पोरांनी हा नियम असा धरला की विचारू नका. कोणाचा फोन कटला, हं कमी झाला, की आरू ओरडायची, "बाई थांबा, एक कमी हाय!" आणि तुम्ही खरंच थांबायचात. त्या पोराला परत जोडून घ्यायचात. गोष्टीतली शेळी तोवर एका पायावर उभी.

आता शेळी.

ठिपक्याठिपक्यांची, म्हणून बुंदी. रोज इंदापूरच्या स्टँडवरून एसटीत चढायची. खऱ्या एसट्या तेव्हा डेपोत झाकून ठेवलेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी माणसं घरात, आणि एकटी शेळी गावं फिरते आहे. तात्या कंडक्टरचा आवाज तुम्ही असा काढायचात की आमचे हे सुद्धा जेवता जेवता हसायचे.

"बुंदे, तिकीट?"

"मी हाफ हाय, तात्या."

"शिंगं फुटली तरी हाफ?"

"शिंगं न्हाईत ती. आँटेना हाय. हितं रेंज येत न्हाय ना."

मग तात्या विचारायचे, "बरं, उतरायचं कुठं?" ते ज्या पोराची पाळी असेल त्यानं सांगायचं. ओंकारनं तिला वरकुट्याला मामाकडं उतरवली, उसाचं वाढं खायला. कोणी बारामतीला पाठवली, आईसक्रीम खायला. पोरं कोंडलेली, पण शेळी जायची आणि तुम्ही तिच्यामागून त्यांना घेऊन जायचात. तिथली चिंच, तिथली शाळा, तिथलं कुत्रं. सगळं तुम्हाला ठाऊक, कारण अब्बांच्या मागं बाजाराबाजारानं फिरलेल्या तुम्ही.

आरूची पाळी आली.

"आरोही, बुंदी कुठं उतरली?"

"माझ्या आजीकडं."

"आजी कुठं असती गं?"

"लांब."

"किती लांब?"

आरू माझ्याकडं बघायला लागली. मी हळूच सांगितलं, वाशीमच्या पुढं.  तुम्ही म्हणालात, "आरोहीच्या मम्मी, हितनं पुढची वाट मला ठावं न्हाय. मी कंदी गेलेली न्हाय तिकडं. तुमीच घ्या आता गोष्ट. न्या शेळीला."

नाही म्हणणार होते. पण त्या महिन्यांत माहेरी जाता येत नव्हतं, मायचा आवाज ऐकून फोन ठेवला की रडू यायचं, आणि आता कोणीतरी म्हणत होतं, चल, जाऊन ये. मी फोन तोंडापाशी धरला आणि सांगायला लागले. कसं सांगितलं ते आठवत नाही. आमची गल्ली सांगितली, दारातला रांजण सांगितला, मायचं परस सांगितलं. पोरं हं, हं म्हणत होती. मला वाटलं मी तिथंच आहे. आणि तोलून बोलायचं विसरले. म्हणाले, "मायनं परसात सांबार लावला होता. बुंदीनं सारा वाफा सांबार खाऊन टाकला."

हं आला नाही.

मग ओंकार ओरडला, "आन इडली?"

एक पोरगं म्हणालं, "गरम व्हता का सांबार? तोंड पोळलं का शेळीचं?" आणि सगळे फोन खदखदायला लागले. पोरं, त्यांच्या आया, कोणाचा तरी बाप. आणि बाई, त्या सगळ्यांत एक हसणं मला ओळखू आलं. ते तुमचं होतं.

आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे इथं कोणाला माहीत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी फोन कट केला. आरू रडायला लागली, "मम्मी, तू बुंदीला तिथंच सोडली!" मी तिला म्हटलं, गप बस. खाली येऊन पोळ्या लाटल्या. इतक्या पोळ्या कोण खाणार होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तोच तुमचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मंदा नाव ना तुझं? सांबार म्हंजे कोथमीर व्हय गं?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणालात, आणि ठेवून दिलात.

त्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही पोरांना काय सांगितलंत ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. "काल कोण कोण हसलं? हात वर करा. मला दिसत न्हाय, पन करा. आता ऐका. शेळी एवढी गावं फिरली, तिला इचारा चांगलं खायाला कुठं मिळालं. ती म्हणती, सांबार. आजपासनं आपल्या वर्गात कोथमीर म्हणायचं न्हाय. ज्यानं म्हटलं त्याला तात्या गाडीतनं उतरवणार." पोरांना काय, खेळच झाला. ओंकारच्या आईनं मला नंतर सांगितलं, "पोरगं बाजारात भाजीवाल्याला सांबार मागतंय, आन् भाजीवाला म्हणतोय हाटेलात जा." त्या वर्गातली पोरं आता मोठी झाली, आवाज फुटायला लागलेत, तरी अजून सांबारच म्हणतात.

पण हसलात त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही नाही विचारलं. तो सगळा खेळ म्हणजे तुमची माफी होती का? की तुम्हाला आठवतच नव्हतं? एवढी वर्षं आपण भेटत राहिलो आणि हे एक वाक्य मधोमध पडून होतं. दोघी त्याच्या कडेकडेनं जायचो.

शेळी मात्र तुम्ही परत आणली नाहीत. पोरांनी विचारलं तर म्हणालात, "बुंदी वाशीमला हाय. तिकडची वाट मला ठावं न्हाय म्हटलं ना? आरोहीची मम्मी आणंल तिला." पुढं शाळा उघडल्या, फोनवरच्या गोष्टी संपल्या, पोरं वर्गात बसली, नवी गाणी, नवे खेळ. सगळे विसरले. तुम्ही नाही विसरलात.

शाळेच्या फाटकाशी मी आरूला सोडायला आले की तुमची हाक. "मंदे! आली का गं शेळी?"

"नाही बाई अजून."

"का?"

"गाडी भेटली नाही."

पुढच्या वेळी, "आली का गं शेळी?" मी म्हणायची, "निघाली होती, पण मायनं ठेवून घेतली." कधी म्हणायची, "तिथंच व्याली बाई, दोन करडं झाली." तुम्ही लगेच, "मग बारशाला बोलावलं न्हाय व्हय मला?" इंदापूरच्या बाजारात भेटलात, पिशवी खाली ठेवून विचारलंत. रिटायर झालात त्या दिवशी हार गळ्यात असताना, सगळे साहेब लोक बसलेले असताना, मी पाया पडायला वाकले तर कानात विचारलंत, "आली का?" मी म्हटलं, "करडांचं तिकीट कोण काढणार?" तुम्ही एवढ्या हसलात की हारातली फुलं गळाली.

एकदा तुम्ही चिडलातसुद्धा. मी कंपनीतल्या पोरांचे डबे करायला लागले होते, तुम्ही घरी आला होता, मी कोथिंबीर निवडत होते. तुम्ही म्हणालात, "माहेर असं लपवून ठिवतीस, जसं काय चोरून आणलंय. पोरीला तुझी बोली येती का?" मी म्हटलं, "तिला कशाला पाहिजे? हसतात लोकं." तुम्ही म्हणालात, "हसू दे की. हसल्याबिगर हुंकारा सुटतो व्हय?" ते वाक्य ओठापर्यंत आलं होतं. तुम्ही चहा तसाच ठेवून गेलात. ते भांडण तिथंच आहे, बाई. कप विसळला, भांडण राहिलं.

आरू आता सातवीत आहे. तुम्हाला माहीत होतं मला सातवी हा शब्दच का नको वाटतो. तुम्ही म्हणाला होतात, "आठवीला तिला मी सोता इंदापूरला हायस्कुलात घिऊन जाईन. तू भिऊ नको." आता कोणाला सांगू भिऊ नको म्हणायला? लोक म्हणतात, तुम्ही आहात की. मी आहे, पण मी भिते, तेच तर.

मग गच्चीवर कपडे वाळत घालताना बारामतीहून यास्मिनचा फोन आला. तुमची सून. रडवेली, आणि गोंधळलेलीही. "मंदाताई, मम्मी हॉस्पिटलात हायत. बोलता येत न्हाय त्यांना नीट, धाप लागती. पन शेळी शेळी करतायत. आमाला कळंना. आमच्याकडं शेळी कुठं हाय? अन् मंदा मंदा म्हणतायत." मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, "भेटायला सोडत न्हाईत वो. मी कानाला फोन धरती, तुमी बोला."

परत फोनच. मी टाकीपाशी पळाले. दुपारची वेळ, सिमेंट तापलेलं, पायात चप्पल नाही.

"बाई, मी मंदा."

पलीकडं नुसता श्वास. घरघर. कशा आहात विचारू? ते ऐकूच येत होतं. मी म्हटलं, "बाई, शेळी निघाली."

आणि तुम्ही म्हणालात, "हं."

बारीक. पण तोच.

मग मी सांगितलं, बाई. तोलून मापून नाही. जसं मायनं मला सांगितलं असतं तसं. "बुंदी मायच्या परसातून निंगाली. मायनं तिले सांबाराची जुडी बांधून देल्ली." हं. "थे म्हणे, मले आता जाऊ द्या, इंदापूरले माणूस वाट पाहून राह्यलं." हं. "करडं तठीच ठेवली मायजवळ, म्हणे तिकीट कोण काढन?" तिथं तुमच्या हंमध्ये हसणं होतं, मला ऐकू आलं, धापेतून. हिंगोलीला गाडी बदलली. हं. परभणीला कोणीतरी तिला केळ्याची साल दिली, तिनं खाल्ली नाही, म्हणे माझ्याजवळ सांबार हाय. हं. परळी, अंबाजोगाई, बार्शी. दर गावाला मी थांबायची आणि तुमचा हं यायचा, जरा उशिरा, जणू तुम्हालाही तेवढं अंतर चालून यावं लागत होतं. टेंभुर्णी आली. तात्या तिला घ्यायला मुद्दाम टेंभुर्णीपर्यंत आले होते. "तात्या म्हणे, बुंदे, बस, मी चहा पिऊन येतो."

हं आला नाही.

मी थांबले. "बाई?" काही नाही. "बाई, झोपल्या काय?" फोन कानाला दाबून धरला. घरघर पण नाही. मला वाटलं, डोळा लागला. खरं सांगू, मला बरं वाटलं. किती दिवसांनी झोप लागली असेल. आणि नियम तुमचाच, ऐकणारा झोपला की पुढं जायचं नाही, जीव वाट चुकतो. मी शेळीला टेंभुर्णीला उभी केली. म्हटलं, उद्या पूल ओलांडू. खाली आले. डबे राहिले होते.

सकाळी तुम्ही नव्हता.

मी इंदापूरला तुमच्या घरी गेले तेव्हा बायकांनी घर भरलेलं. तुम्हाला नेलं होतं. यास्मिन माझ्या गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, बोलता बोलता झोपल्या ना बाई, शांत झोपल्या. माझं तेवढंच समाधान होतं, ते मी तिला द्यायला गेले. ती म्हणाली, "झोपल्या कुठं? तुमच्या फोनची रेंज गेली मंदाताई. तुमचा आवाजच बंद झाला. मी म्हटलं, मम्मी, फोन कटलाय, द्या. त्यांनी हातानं मला गप केलं. फोन सोडला न्हाय. अन् हं, हं करीत बसल्या. मी तुमाला किती डाव लावला, लागला न्हाय. पन त्या आपल्या हं, हं. बऱ्याच येळ."

मी खाली होते, बाई. खोलीत. जिथं रेंज येत नाही.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. भाजी करपते. आरू काही विचारते, मी भलतंच उत्तर देते. मला इकडं हं ऐकू येईना म्हणून मी गोष्ट थांबवली, आणि तुम्ही तिकडं गोष्ट ऐकू येत नसताना हं म्हणत राहिलात. तुमचा नियम दोघींनीही पाळला. मग त्या मुक्या फोनमध्ये तुम्ही काय ऐकत होतात? शेळी पूल ओलांडून आली का तुमच्या कानात? की तुम्हाला कळलं होतं की मी गेले, आणि मी परत येईन तोवर तुम्ही नुसती वाट धरून ठेवत होतात, पोरांचा फोन कटला की धरायचात तशी? शेवटचा हं तुम्ही कुठल्या गावाला म्हणालात, हे मला या जन्मात कळणार नाही. लोक म्हणतात, शेवटपर्यंत ऐकत होत्या, भाग्य तुझं. माझ्या काळजाला ते भाग्य वाटत नाही.

तुमचे उपकार मोजायचे तर मला बसून लिहावं लागेल आणि मला तेवढं लिहिता येत नाही. एका पोरीला हं म्हणायला शिकवलंत, तिच्या आईला तिचं माहेर परत तोंडात दिलंत. हे मी समोर असताना म्हणायला हवं होतं. आणि हेही, की तुम्ही हसला होतात, मला लागलं होतं, आणि ते कधीच गेलं होतं. कधी गेलं तेही सांगायचं होतं. तुम्ही पहिल्यांदा "आली का गं शेळी" विचारलंत ना फाटकाशी, तेव्हाच.

आता मी नियम मोडते, बाई. हुंकारा नसताना सांगते. जीव वाट चुकायचा तर चुकू दे, तसाही उभा राहून राहून किती राहील. आरू शेजारी बसली आहे. मी एकेक ओळ मोठ्यानं म्हणते आणि मग लिहिते, आणि दर ओळीला ती हं म्हणते आहे. चांगलं म्हणते, तुम्हीच शिकवलेलं. पण मी दर ओळीला थांबते, कान देते, आणि ज्या हंची वाट पाहते तो हा नसतो.

तात्याचा चहा झाला. टिंग टिंग. गाडी निंगाली. पूल आला, खाली पाणीच पाणी, दोन्हीकडं. बुंदी म्हणे, तात्या, आलं काय? तात्या म्हणे, आलं, आलं. इंदापूरच्या स्टँडवर गाडी लागली. बुंदी उतरली. तोंडात सांबाराची जुडी हाय, पार सुकून गेली, तरी वास येऊन राह्यला. स्टँडवर लय माणसं. ज्याले त्याले आपली गाडी. कोणी तिच्याकडं पाहत नाही. थे इकडं पाहते, तिकडं पाहते. पिशवी खाली ठेवून इचारणारं कोणी दिसत नाही.

आली, बाई. शेळी आली. तुम्ही तेवढ्या विचारायच्या राहिलात.